शाहीर, बुवा आणि रॅपर

मांडवी हे नाव पश्चिम किनाऱ्यावर एकाच जागेचे नाही. रत्नागिरीस मांडवी आहे, मुंबईत मांडवी आहे आणि कच्छात त्याच नावाचे एक नामांकित बंदर आहे. जुन्या भाषेत मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. गलबतातून उतरलेला माल तेथे मोजावयाचा, हा अमुक जिन्नस असे ठरवावयाचे आणि मग त्यावर जकात बसवावयाची, असा तेथला व्यवहार. जिनसाचे नाव बदलले की दर बदलला. म्हणून मालाचे नाव काय लिहावे, यावरून व्यापारी आणि कारकून यांची जुंपत असे, यात नवल नाही.

माणसाच्या कसबाचेही पुष्कळसे असेच असते. तबला वाजवणारा एके काळी ‘तबलजी’ होता, तो पुढे ‘तबलावादक’ झाला. ‘गवई’ होता तो ‘गायक’ झाला. ‘नाटक्या’ म्हणून ज्यास सोयरीक मिळणे कठीण जाई तो ‘नट’ झाला, आणि आता ‘अभिनेता’ झाला आहे. बोटे तीच, गळा तोच. परंतु नावाबरोबर बैठकीतली जागा बदलली. मराठीचे प्रत्यय या बाबतीत फार बोलके आहेत. ‘कीर्तनकार’ यातील ‘कार’ माणसास गादीवर बसवतो. ‘ढोलकीवाला’ यातील ‘वाला’ त्यास दारात उभा ठेवतो. ‘झीलकरी’ यातील ‘करी’ त्यास दुसऱ्याच्या मागे उभा करतो. व्याकरणाच्या पुस्तकात हे तिन्ही प्रत्यय कर्त्याचेच म्हणून शेजारी शेजारी बसवलेले असतात, पण समाज त्यांस एका पंक्तीस बसवीत नाही.

अलीकडे मराठी मुलुखात हिपहॉप नावाचा एक नवा जिन्नस उतरला आहे. तालावर जलद, यमकांनी बांधलेले, बरेचसे बोलल्यासारखे आणि थोडेसे गाइल्यासारखे असे हे कवन असते. ते करणाऱ्या तरुणांस वर्तमानपत्रे ‘रॅपर’ म्हणतात. त्यांचे चाहते कौतुकाने ‘आजचे शाहीर’ म्हणतात. घरातील वडीलधारी मंडळी बहुधा काहीच म्हणत नाहीत. कानावर हात ठेवतात. तेव्हा या माणसांस म्हणावे तरी काय? प्रश्न वरवर कोशकाराचा दिसतो. परंतु त्याच्या पोटात मानाचा आणि वारशाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. रत्नागिरीच्या आसपासच्या कोणत्याही वाडीत गणपतीच्या दिवसांत पाऊल टाकले तरी पुरे.

तत्पूर्वी हा जिन्नस जेथून आला तेथे त्यास काय म्हणत, हे पाहणे अवश्य आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या चाळवजा मोठ्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवावे म्हणून नाचगाण्याचा एक मेळावा भरवला. तबकड्या वाजवण्यास तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल होता. तो जमेकात जन्मलेला, आणि कूल हर्क या नावाने प्रसिद्ध. गाण्यात जेथे गळा थांबतो आणि नुसते ताशे-ढोल उरतात, तेवढाच तुकडा दोन यंत्रांवर दोन तबकड्या ठेवून तो पुनःपुन्हा फिरवी, आणि नाचणारे त्या तुकड्याची वाट पाहात. त्याचा सोबती कोक ला रॉक हा मधून मधून मंडळींची नावे घेऊन, चार शब्द टाकून रंगत वाढवी. हिपहॉपचा जन्म याच रात्रीचा मानतात.

आता नावांची गंमत पाहावी. तबकड्या वाजवणारा तो ‘डीजे’. शब्द टाकणारा तो ‘एमसी’. या दुसऱ्या नावाचा मूळ अर्थ ‘समारंभाचा सूत्रधार’ इतकाच आहे. आमच्या नाटकातील सूत्रधार जसा नांदी म्हणून, प्रेक्षकांस चुचकारून खेळ पुढे नेतो, तसाच हा. परंतु कूल हर्क ज्या जमेकातून आला तेथे हीच नावे उलटी आहेत! तेथे शब्द टाकणारा तो ‘डीजे’ आणि तबकड्या निवडून लावणारा तो ‘सिलेक्टर’. एकच कसब समुद्र ओलांडून गेले आणि दोघांच्या पाट्या बदलल्या. ‘रॅपर’ हे नाव तर मागाहूनचे. इंग्रजीत त्या धातूचा अर्थ टकटक करणे, ठोकणे; अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत त्यास चटकदार बोलणे असा अर्थ आला होता. १९७९ साली शुगरहिल गँग या त्रिकुटाची ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी निघाली, ती घरोघर वाजली, आणि जे स्वतःस एमसी म्हणवीत होते त्यांस बाहेरचे जग रॅपर म्हणू लागले. बाजाराने दिलेले नाव ते. अनेक जुने एमसी या नावावर आजही नाक मुरडतात.

एमसी या शब्दाचा अर्थही एका जागी स्थिर राहिला नाही. आरंभी श्रोत्यांस डोलवणे, आरोळ्यांस प्रत्यारोळ्या घेणे, हेच त्याचे काम. १९८१ साली हार्लेममधील एका जलशात बिझी बी नावाचा असा एक लोकप्रिय एमसी रंगात आला असता कूल मो डी हा दुसरा एमसी पुढे झाला आणि त्याने बिझी बीच्या उसन्या यमकांची अशी काही उलटतपासणी कवनातून केली की सभा फिरली. त्या दिवसापासून एमसीची परीक्षा त्याच्या शब्दांवरून होऊ लागली असे त्या कलेचे अभ्यासक म्हणतात. रंगत आणणारा एक आणि कवन रचणारा एक, असे दोन वेगळे मान त्या सामन्याने पाडले.

ज्याने कोकणातला शक्ती-तुऱ्याचा सामना एकदा तरी ऐकला आहे, त्यास हे वर्णन ऐकून हसू येईल. कारण तेथे हाच निवाडा कित्येक पिढ्या चालू आहे.

कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पंथ. तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर या दोघांचा वाद एका राजाने ऐकला, प्रसन्न होऊन एकास आपल्या शिरपेचातील तुरा आणि दुसऱ्यास कलगी दिली, अशी त्याची कथा सांगतात; ती महाराष्ट्रातच नव्हे, माळव्यात आणि राजस्थानातही सांगितली जाते. तुरेवाले शिवास श्रेष्ठ मानणार, कलगीवाले शक्तीस. आणि मग प्रकृती मोठी की पुरुष, आधी कोण, कोणाविना कोणाचे अडते, यावर रात्रभर सवाल-जवाब. घाटावर या प्रकारास ‘भेदिक’ म्हणतात. कोकणात कलगीवाल्यांस ‘शक्तिवाले’ असेच नाव पडले, आणि हा तत्त्वज्ञानाचा झगडा जाखडी नावाच्या नाचावर येऊन बसला. मध्ये ढोलकी, झांज घेऊन गाणारी मंडळी, भोवती पायात चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचे कडे. आधी गण, मग गवळण, आणि मग खरे युद्ध. पुराणातील आडवळणाचा एखादा प्रश्न टाकून प्रतिपक्षास गाठायचे, त्याच्या मागच्या उत्तरातील चूक चव्हाट्यावर मांडायची, जमल्यास त्याच्या गुरूपर्यंत जायचे. ऐकणारा शेतकरी असो वा मुंबईहून आलेला चाकरमानी, कोणाचे यमक ओढूनताणून आणलेले आहे आणि कोणाचा जबाब पाठ करून आणलेला आहे, हे त्यास तत्काळ कळते.

या रचनाकारास तेथे काय म्हणतात? ‘शाहीर’. सामन्याच्या जाहिरातीवर शक्तिवाले शाहीर अमुक विरुद्ध तुरेवाले शाहीर तमुक असेच छापलेले असते, आणि अलीकडे त्या ‘शाहीर’ शब्दापुढे स्त्रियांचीही नावे येतात. खाली सिंधुदुर्गाकडे उतरले की भजनाची डबलबारी लागते. तेथेही दोन पक्ष, तेथेही चिमटे, परंतु तेथे त्या माणसास ‘बुवा’ म्हणतात. सामना तोच, पण देवाच्या नावाने उभा राहिला तर बुवा आणि पंथाच्या नावाने उभा राहिला तर शाहीर.

या नाचाचे मात्र दुसरे एक नाव आहे, आणि त्यात थोडा कडूपणा आहे. शहरात यास पुष्कळ लोक ‘बाल्या नाच’ म्हणतात. त्याची उपपत्ती अशी सांगतात की मुंबईत घरगड्याचे काम करणाऱ्या कोकणी माणसाच्या कानात बाळी असे, तीवरून धनी त्यास ‘बाल्या’ म्हणे. आणि बाल्या सुटीच्या रात्री नाचतो तो बाल्या नाच. मांडवीच्या बंदरावरून आगबोटीने मुंबईस गेलेल्या हजारो माणसांस हेच नाव मिळाले. बापाने ठेवलेले नाव बंदरावर राहिले आणि भांडी घासताना कानातल्या दागिन्याचे नाव चिकटले. गावात त्याच नाचाचे नाव ‘जाखडी’. एकमेकांस जखडून, गुंफून नाचावयाचे म्हणून जाखडी, अशी एक व्युत्पत्ती आहे. एक नाव नाचणाऱ्यांनी आपल्या कृतीवरून ठेवले, दुसरे पाहणाऱ्याने नाचणाऱ्याच्या पायरीवरून ठेवले. रॅपरांची चर्चा करताना हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विद्वानांच्या पुस्तकांतही हल्ली ‘जाखडी अथवा बाल्या नाच’ असे दोन्ही शब्द एका ओळीत, जणू समानार्थी म्हणून येतात. ते समानार्थी नव्हेत.

‘शाहीर’ हा शब्द तरी कोठून आला? तो अरबी ‘शाइर’, म्हणजे कवी. फारसीच्या वाटेने तो दक्षिणेत आला आणि मराठी गळ्यात उतरताना त्यात एक हकार शिरला. आता तो इतका घरचा झाला आहे की शिवरायांच्या पराक्रमाचा पोवाडा गाणाऱ्यास दुसरे नाव कोणास सुचतही नाही. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा १६५९ च्या त्या प्रसंगानंतर लवकरच रचलेला आणि तानाजीवरचा तुळशीदासाचा पोवाडा १६७० च्या सिंहगडच्या लढाईवरचा. दोघांनाही आपण आज निःशंकपणे शाहीर म्हणतो.

याच रत्नागिरीत १९२४ ते १९३७ पर्यंत स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘बोलपट’, ‘दिग्दर्शक’ हे शब्द त्यांनी मराठीस दिले आणि ते मराठीने घेतले. फारसी-मराठीचा कोश करणारे माधव जूलियन हेही पुढे त्याच पक्षास मिळाले. त्या चळवळीचे गुणदोष काही असोत, तिच्या अनुभवावरून एक गोष्ट दिसते. पदास, वस्तूस, यंत्रास घडवलेला शब्द रुजतो. माणसाच्या बाण्यास घडवलेला शब्द सहसा रुजत नाही. महापौर हे पद आहे, ते ज्यास मिळेल तो ते नाव घेईल. शाहीर हे पद नव्हे. ते नाव लोकांच्या तोंडी तयार झाले, आणि अरबी की संस्कृत हे कोणी विचारले नाही. यास्तव ‘रॅपर’ला प्रतिशब्द म्हणून कोणी उद्या ‘द्रुतकवनकार’ असे काही घडवले तर ते परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत शोभेल, इतकेच.

शाहीर या नावाचा खरा मोठेपणा निराळाच आहे. गोंधळी हा जन्माने गोंधळी. भाट जन्माने भाट. पश्चिम आफ्रिकेत राजांच्या वंशावळी आणि पराक्रम गाणारे जे ‘ग्रिओ’, ज्यांच्याशी अमेरिकेतील रॅपर आपले नाते सांगतात, तेही जन्मानेच ठरतात. आणि ग्रिओ हा शब्दही त्यांचा स्वतःचा नव्हे, तो फ्रेंचांनी रूढ केलेला. मांदे भाषा बोलणारे त्यांस ‘जेली’ म्हणतात. शाहीर मात्र कुळावरून ठरला नाही. पेशवाईच्या अखेरीस जे नामांकित शाहीर झाले त्यांची यादी पाहावी. सोलापूरचा रामजोशी हा ब्राह्मण. होनाजी गवळी, आणि त्याच्या रचना गाणारा त्याचा जोडीदार बाळा शिंपी. परशरामही शिंपी. जेजुरीचा सगनभाऊ मुसलमान, हत्यारांस धार लावणारा शिकलगार. प्रभाकर दातार याच रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचा चित्पावन. संगमनेरच्या अनंत घोलपाने तर आडनावच टाकले आणि तो ‘अनंत फंदी’ झाला. ज्या काळात पाणवठाही जातीवरून ठरे, त्या काळात या सर्वांस एकच शब्द लागत होता आणि तो कामावरून लागत होता.

म्हणजे सर्व सुरळीत होते असे नव्हे. लावणी रचून ती तमाशाच्या फडात नेल्याबद्दल रामजोशीस घर सोडावे लागले अशी आख्यायिका आहे. त्याच्या हयातीत त्याच्या जातभाईंनी त्यास जी विशेषणे लावली असतील त्यांत ‘लोकशाहीर’ हे खासच नसेल. ते भाग्य त्यास १९४७ साली लाभले. त्या वर्षी राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट आला. त्याचीच हिंदी आवृत्ती निघाली, तिचे नाव मात्र ‘मतवाला शायर राम जोशी’! मूळ अरबी शब्द एकच, पण मराठीत तो लोकांचा कैवारी झाला आणि हिंदीत झिंगलेला प्रेमिक. भाषांतर करणाऱ्याचा दोष म्हणावा, तर त्यानेही आपल्या बाजारातील दर पाहूनच नाव लिहिले असणार.

नाव बदलून कला वाचवल्याचे उदाहरण तर त्याच सुमारास घडले. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. त्या वेळी अण्णाभाऊ साठे यांनी तमाशाच्याच अंगाने केलेल्या खेळास ‘लोकनाट्य’ म्हटले, आणि हे नाव पुढे सर्वमान्य झाले. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ काढले होते. गिरणगावाच्या मैदानांवर संपकऱ्यांपुढे गाणाऱ्या या मंडळींनी ‘शाहीर’ हा शब्द पेशव्यांच्या वाड्यातून आणि तमाशाच्या कनातीतून काढून कामगारांच्या सभेत आणला. त्यापूर्वी ज्योतिराव फुले यांनी १८६९ साली शिवाजीमहाराजांवर पवाडा रचून त्या साहित्यप्रकाराचा रोख बदललाच होता. पुढे विठ्ठल उमप, वामनदादा कर्डक यांनी आंबेडकरी गीतांनी तो गावोगाव नेला. दर पन्नास-साठ वर्षांनी या शब्दाची मालकी बदलत आली आहे, आणि प्रत्येक वेळी जुन्या मालकांनी ‘हे कसले शाहीर’ म्हणून नाके मुरडली आहेत.

आता कवनाच्या जातीकडे पाहू. रॅप ऐकून ‘यात गाणे कोठे आहे?’ असे विचारणारे पुष्कळ असतात. त्यांनी अमृतरायाचे कटाव आठवावे. अमृतराय हा १६९८ ते १७५३ या काळातला. कटाव म्हणजे कडव्यांचा बांध फोडून, अनुप्रासांच्या साखळ्या एकीत एक अडकवीत, श्वास घेण्यास उसंत न देता द्रुत लयीत म्हटलेली लांबच लांब रचना. कीर्तनकार तो म्हणू लागला की श्रोते रागदारीकडे पाहात नसत; जीभ कोठे अडखळते याकडे पाहात. पोवाड्यातही शाहीर गाता गाता मध्येच साध्या बोलण्यावर येतो, पुन्हा चालीवर जातो, आणि मागचे झीलकरी ‘जी जी’ करून त्याचा स्वर धरून ठेवतात. हिपहॉपमध्ये मुख्य एमसीच्या मागे उभा राहून त्याच्या ओळीचे शेवटचे शब्द उचलणारा एक गडी असतो. इंग्रजीत त्यास मोठे भपकेदार नाव आहे. मराठीत त्यास झीलकरी म्हटले की एका शब्दात काम होते. नाव उसने घेण्याची गरज कोठे आहे आणि कोठे नाही, याचा हा चांगला नमुना.

गरज आहे ती दुसऱ्या एका माणसासाठी. हिपहॉपमध्ये कवनाखालचा ताल आणि सुरांची घडण जो यंत्रावर रचतो, त्यास तेथे ‘प्रोड्यूसर’ म्हणतात. त्याचे भाषांतर वर्तमानपत्रे ‘निर्माता’ असे करतात, आणि मग वाचक समजतो की या गृहस्थाने पैसे घातले! मराठीत निर्माता म्हणजे थैली मोकळी करणारा. येथे तर थैली बहुधा रिकामीच असते. बोटांचे काम करणाऱ्याचे नाव खजिनदारास गेले, आणि त्यामुळे या माणसास मराठीत आज नावच नाही. शाहिरांच्या इतिहासातही हीच उणीव आहे. हॅरी ॲकवर्थ हा मुलकी अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह छापला, य. न. केळकरांनी १९२८ पासून ऐतिहासिक पोवाडे टिपांसह प्रसिद्ध केले. या श्रमांचे मोल मोठे आहे. परंतु अशा संग्रहांत रचणाऱ्याचे नाव असते. डफ, तुणतुणे, ढोलकी वाजवणाऱ्याचे नसते. शब्द कागदावर राहिला, ताल हवेत गेला.

रचणाऱ्याचे नाव तरी कसे राहिले? आमच्या शाहिरांनी त्याची तजवीज स्वतःच केली होती. लावणीच्या वा पोवाड्याच्या शेवटच्या चौकात शाहीर आपले, आपल्या गुरूचे, जोडीदाराचे, कधी गावाचे नाव गुंफून टाकतो. ही त्याची नाममुद्रा. गाणारा पुढे कोणी असो, शेवटी मूळ कर्त्याचे नाव त्याच्या तोंडून निघालेच पाहिजे. ही युक्ती किती खोल आहे, हे १९७९ च्या त्याच अमेरिकन तबकडीवरून कळते. त्या त्रिकुटातील बिग बँक हँक याने आपली म्हणून जी कडवी म्हटली ती ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्समधील एमसीच्या वहीतून घेतलेली होती. कॅझला ना श्रेय मिळाले ना मोबदला. परंतु कॅझने त्या कडव्यांत आपले टोपणनाव एकेक अक्षर सोडवून गुंफले होते, आणि हँकने घाईत तेही जसेच्या तसे म्हटले! तबकडी लाखांनी खपली आणि मूळ मालकाची सही तीत कायमची राहिली. होनाजीस किंवा प्रभाकरास ही हकीकत सांगितली असती तर त्यांनी नाममुद्रेचे हेच तर कारण, असे म्हणून पान लावले असते.

इकडे मराठी रॅपरांनी आपली नावे कशी ठेवली आहेत, हेही पाहावे. मुंबईच्या गल्ल्यांतून निघालेल्या हिंदी रॅपची कथा २०१९ च्या ‘गली बॉय’ या चित्रपटाने देशभर पोचवली. डिव्हाइन आणि नेझी या दोघांच्या आयुष्यावरून ती सुचलेली. पण मराठीतही काम चालू होते. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या मंडळीत अनेक भाषांतून कवने होतात. त्यातील मराठी कवने म्हणणारा स्वतःस ‘एमसी मवाली’ म्हणवतो. आरे वसाहतीतील झाडे आणि वारली पाडे यांच्या बाजूने या मंडळींनी २०१९ साली ‘वारली रिव्होल्ट’ हे गीत केले, आणि त्यात तेथलेच गायक प्रकाश भोईर यांचा गळा आहे. अमरावतीकडचा सौरभ अभ्यंकर आपल्या नावातील ‘सौ’ शंभराच्या आकड्याने लिहितो आणि वऱ्हाडी बोलीत शेतकऱ्याचे दुःख मांडतो. ‘मवाली’ हे काय नाव झाले, असे सुशिक्षित घरात सहज म्हटले जाईल. परंतु ‘फंदी’ हे तरी कोठे सोवळे नाव आहे? रेठऱ्याच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्ण्याने तमाशाच्या फडात उभे राहून ‘पठ्ठे बापूराव’ हे नाव घेतले, तेव्हा गावातल्या कुलकर्ण्यांस ते शोभिवंत वाटले असेल काय? समाजाने ज्या शब्दाने हिणवावे तोच शब्द नावापुढे लावून मिरवणे, ही शाहिरी खोड जुनीच आहे.

कामातही जुनी खोड दिसते. २०२३ साली राज्यातील सत्तांतरावर मराठीत बोचक रॅप रचणाऱ्या दोन तरुणांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले, आणि त्यावर बरीच भवति न भवति झाली. राजसत्तेवर कवन करावे, लोकांनी ते तोंडोतोंडी न्यावे आणि सत्तेने कपाळाला आठी घालावी, हा क्रम महाराष्ट्रास अपरिचित नाही. तिकडे अमेरिकेत २०१८ साली केंड्रिक लमार या रॅपरास पुलित्झर पारितोषिक मिळाले, तेही काव्याच्या नव्हे, संगीताच्या विभागात. म्हणजे त्या पंडितांच्याही मनात नावाचा घोळ मिटलेला नव्हता.

तेव्हा निर्णय काय? जो आपणास एमसी किंवा रॅपर म्हणवतो त्यास तेच म्हणावे. दुसऱ्याने ठेवलेल्या नावाने काय होते ते ‘बाल्या’ या शब्दाने कोकणास पुरेपूर शिकवले आहे. ‘शाहीर’ हे नाव मात्र कोणी स्वतःस बहाल करावयाचे नाही, आणि वर्तमानपत्राने शोभेची लेस म्हणून सरसकट लावावयाचेही नाही. दुकानाची जाहिरात यमकात म्हणणारा एमसी असू शकेल, शाहीर नव्हे. ज्याने स्वतः रचले, स्वतः उभे राहून म्हटले, आपल्या लोकांच्या चालू सुखदुःखाविषयी म्हटले, आणि समोरच्याने जबाब मागितला तेव्हा जो पळाला नाही, त्यास हे नाव ऐकणारे आपण होऊन देतील, त्याची टोपी उलटी असली तरी. शक्ती-तुऱ्याच्या फडात ते असेच मिळते. पहिल्या सामन्याच्या जाहिरातीवर ‘शाहीर’ छापलेले असते खरे. पण पहाटे ढोलकी उतरवून मंडळी परत निघतात तेव्हा वाटेवरचा म्हातारा त्या मुलास काय म्हणून हाक मारतो, त्याकडे सर्वांचे कान असतात.